पन्नास विड्या होईपर्यंत

दाढ निघाली तेव्हा साडेअकरा वाजले होते.
खालची, डावीकडची. दोन मुळं,
कुजबुजणाऱ्या जावांसारखी आत एकमेकींकडे झुकलेली.
बोळा ठेवून मी म्हटलं, चावा. हळू.
तायव्वा हुक्केरीनं डोळे मोठे केले.
निपाणीत एकोणीस वर्षं काढूनही मी विसरते
की कानडीत हल्लु म्हणजे दात,
आणि माझं हळू या खुर्चीपर्यंत पोचेस्तोवर दात होऊन जातं.
"अजून येक?" बोळ्याआडून ती म्हणाली.

दहा मिनिटांनी बोळा उचलला.
खळगा भरला. ओसंडला.
दुसरा बोळा. पुन्हा दहा.
शीर तुटली तर रक्त ठेका धरून येतं,
त्याच्याशी भांडता येतं.
हे पाझरत होतं, चैत्रातल्या माठासारखं,
कुठून ते न सांगता.

"रोजची कुठली गोळी?"
तिनं मान हलवली. न्हाय.
बाकावरून सून म्हणाली, "छातीची घेत्यात की. पांढरी, बारकी.
तंबाखूच्या पिशवीत असत्या."
कागदावर 'आजार नाही' असं मीच लिहिलं होतं,
सकाळी, घाईत, तिच्याकडे न बघता.
"ती आजाराची न्हवं," तायव्वा म्हणाली,
"आजार गेला. ती नुसती गोळी."

तेवढ्यात वीज गेली.
सक्शनचा घरघराट घशात अडकल्यासारखा थांबला.
हेमावतीनं मोबाईलचा उजेड धरला,
मी ट्रॅनेक्साची कुपी फोडून बोळा भिजवला,
खळग्यात स्पंजचा चौकोन बसवला,
तो बघता बघता काळा झाला,
आणि त्यावर माझं बोट.

बोटानं दाबणं
कुठल्या परीक्षेत विचारत नाहीत.
जोर लावायचा नसतो. हलायचं नसतं.
बघायचा मोह होतो दर मिनिटाला,
आणि बघितलं की पहिल्यापासून.
माझा अंगठा थरथरायला लागला
तेव्हा खालून तिचा हात आला,
पानं कातरून कातरून काळी पडलेली दोन बोटं
माझ्या मनगटाला टेकली.
एवढंच, असं ती दाखवत होती.
विडी वळताना दाबतात तेवढंच.
घट्ट झाली तर ओढत नाही, सैल झाली तर विझते.

मग टाका घातला, आठाच्या आकड्यासारखा,
काळा रेशमी दोरा, तीन गाठी.
वीज आल्यावर तिनं आरसा मागितला,
ओठ खाली ओढून बराच वेळ बघितलं.
दिवसाला हजार गाठी मारणारी बाई.
"शेवट लांब सोडलासा," म्हणाली. "टोचंल."
मी दोन मिलिमीटर कापले.

सांगायचं ते सांगितलं:
थुंकायचं नाही, उगळब्याड्री,
चूळ नाही, गरम चहा नाही, मिसरी आठवडाभर नाही.
छातीची गोळी बंद करायची नाही, मी सांगितलं म्हणूनही नाही.
आणि हा बोळा अर्धा तास चावून धरायचा.
"घरात घड्याळ न्हाय," सून म्हणाली. "हाय, पन बंद."
मी मनात हिशेब केला.
पन्नास विड्या होईपर्यंत, म्हटलं.
तायव्वा हसली, म्हणजे डोळ्यांनी,
तोंड तर मीच बंद केलं होतं.

रात्री दोनदा फोन उचलून बघितला.
कुणाचाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी दहाच्या आधी ती हजर.
गाल सुजलेला, खळग्यात गडद गुठळी,
जांभळासारखी, जागची न हललेली.
"साठ वळल्या," ती म्हणाली.
"धा वरच्या. तुमचा हात कापत व्हता म्हून."

पदराला तंबाखूचा वास होता.
मिसरीचं मी विचारलं नाही,
आणि तिनंही, इतकं सगळं सांगून,
तेवढं सांगितलं नाही.